सव्वादोन अंश

सोमवार, १६ जानेवारी १९९५

आज प्रेसमध्ये बाळकुमचे परशुराम मढवी आले. निवडणुकीमुळे ठाण्यातली माऊसवाली सगळी दुकानं पत्रकांत बुडालेली आहेत. आमच्याकडे उमेदवार येत नाहीत, कारण आमच्याकडे माऊस नाही. ज्यांचं काम सध्या कोणी घेत नाही ते आमच्याकडे येतात. कुंडलिकराव, म्हणजे आमचे मालक, अशा लोकांना ‘चोखंदळ गिऱ्हाईक’ म्हणतात.

कुंडलिकरावांनी तीन वर्षांपूर्वी छपाईचे शिशाचे खिळे विकून कॉम्प्युटर आणला. इतरांनी घेतला तो प्रोग्रॅम घेणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. त्यांच्या अमेरिकेतल्या मेहुण्याने सात फ्लॉप्यांवर अक्षरजुळणीची एक वेगळीच प्रणाली पाठवली. ती गणिताचे प्राध्यापक वापरतात आणि ती फुकट आहे. यातलं कोणतं कारण त्यांना जास्त पटलं ते मी लिहीत नाही. इतर दुकानांत माऊसने शब्द चिमटीत धरल्यासारखा उचलतात आणि हवा तिथे ठेवतात. आमच्याकडे काळ्या पडद्यावर हुकूम लिहायचे, यंत्राला वाचायला द्यायचे, आणि कागद बाहेर येईपर्यंत आपण काय करून ठेवलंय ते समजत नाही. एकोणीस वर्षं खिळे जुळवलेल्या बाईला हे जमणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. जमलं. मला यंत्र आवडतं. ते रागवतं तेव्हा निदान कुठल्या ओळीवर रागवलं ते सांगतं.

मढवींची अडचण अशी. त्यांच्या आजोबांची, गोमाजींची, जमीन आणि जुनं घर बिल्डरला द्यायचं ठरलंय. बिल्डरच्या वकिलाला वंशावळ हवी आहे. सगळ्या वारसांनी आपापल्या नावाशेजारी सही करायची. वंशावळीत ज्याचं नाव त्याला नव्या इमारतीत घर. आतापर्यंत दोन वंशावळी फाटल्या, कारण परशुरामांचा चुलतभाऊ गुणाजी त्यांच्या नावाखाली सही करायला तयार नाही आणि परशुराम गुणाजीच्या खाली. शेजारी शेजारी लिहून पाहिलं, तर डावीकडे कोण, यावर पुन्हा गाडी अडली.

मी म्हटलं, गोल करू या. मधे गोमाजी, आणि भोवती सगळी नावं चाकाच्या आऱ्यांसारखी. वर कोणी नाही, खाली कोणी नाही.

परशुरामांनी टेबलावर बोटाने एक गोल काढून बघितला. मग म्हणाले, “बाई, तुमी वकील पायजे होता.”

रात्री जेवताना हे वाक्य मी वहिनीला दोनदा सांगितलं.

बुधवार, १८ जानेवारी

गोल करू म्हणणं सोपं होतं.

या प्रणालीला आडवं लिहिता येतं, एवढंच तिला ठाऊक आहे. शब्द फिरवायचा तर प्रिंटरला वेगळा निरोप द्यावा लागतो, आणि तो प्रत्येक नावासाठी पुन्हा पुन्हा लिहायचा म्हणजे मरण. त्यावर उपाय मॅक्रो. मॅक्रो म्हणजे दहा हुकमांची पुरचुंडी बांधायची आणि तिला एक नाव द्यायचं. मग ते नाव घेतलं की दहाही हुकूम बिनबोभाट पार पडतात. घरातल्या मोठ्या सुनेला हाक मारल्यासारखं. मी माझ्या मॅक्रोचं नाव ‘फिरव’ ठेवलं. त्याला माणसाचं नाव द्यायचं आणि किती अंशांत फिरवायचं ते सांगायचं.

पहिला कागद आला त्यात सगळी नावं एकमेकांच्या अंगावर पडली होती. दुपारपर्यंत कारण सापडलं. यंत्र प्रत्येक नाव एका अदृश्य खोक्यात ठेवतं. आपण खोकं फिरवतो, पण यंत्राला त्याची खबर नसते. ते अजून आडव्याचीच जागा सोडत असतं, आणि उभा झालेला माणूस शेजाऱ्यावर जाऊन आदळतो. फिरवल्यानंतर प्रत्येकाचं माप नव्याने घ्यावं लागतं. कुंडलिकरावांना हे समजावून सांगितलं तर ते म्हणाले, “बघा, किती खोल विचार केलाय त्या माणसांनी.”

शुक्रवार, २० जानेवारी

यादी घेऊन गोपीनाथ आला होता. हा मढवींतला धाकटा चुलतभाऊ, बँकेत असतो, अक्षर सुवाच्य. यादी त्याने लिहिली पण सांगितली सगुणाआकाने. ही परशुरामांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आई गेल्यावर मिठागरात राबून भावांना वाढवलं, आता जुन्या घराच्या मागच्या खोलीत राहते. कोण कोणाआधी जन्मलं हे घरात तिलाच आठवतं. तिला लिहितावाचता येत नाही, म्हणून लक्षात राहतं, असं गोपीनाथ म्हणाला.

यादीत तेरा नावं. पहिलं परशुराम, शेवटचं सगुणा. थोरली असून स्वतःला तिने शेवटी घातलंय. पण गोलात तेरावं नाव पहिल्याच्या शेजारी येतं, त्यामुळे ती आपोआप भावाजवळ जाऊन बसली.

तीनशे साठ भागिले तेरा म्हणजे सत्तावीस पूर्णांक एकोणसत्तर शतांश, आणि पुढे ते संपतच नाहीत. अशा आकड्याचा मला त्रास होतो. अकरा किंवा चौदा जण असते तरीही तेच. बारा असते तर काय सुंदर झालं असतं.

पण गोल झाला. दोन वेळा उठून भिंतीला टेकवून बघितला.

मंगळवार, २४ जानेवारी

गुणाजी स्वतः आले. गोलात खालच्या अर्ध्या भागात त्यांची शाखा आली आहे, आणि खालच्या भागातली नावं साहजिकच उलटी दिसतात.

मी म्हटलं, कागद फिरवला की सरळ दिसतील.

ते म्हणाले, “परशा नाय फिरवायचा कागद, आमीच फिरवायचा? आमी काय वटवाघळं हाव, उलटं लटकायला?”

त्यांच्याबरोबर आलेले दोघे हसले आणि लगेच थांबले, कारण त्यांचीही नावं खालीच होती.

उपाय मला त्याच वेळी सुचला. खालच्या नावांसाठी दुसरा मॅक्रो: ‘उलट’. जे उलटं आहे ते उलटवलं की सुलटं. गुणाजींना हे इतकं पटलं की ते खुर्चीवर बसले आणि चहा घेऊन गेले. मॅक्रो तासाभरात झाला. प्रूफ काढलं, नेहमीप्रमाणे दोनदा तपासलं. एकही चूक नाही. परवा सुट्टी आहे, तर मी स्वतःच बाळकुमला नेऊन दाखवणार आहे.

गुरुवार, २६ जानेवारी

लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

मढवींच्या ओटीवर सगळे जमले होते. मी बटरपेपरवरचं प्रूफ पसरलं. सगळे वाकले. परशुराम म्हणाले, झकास. गुणाजींनी मान डोलावली. प्रत्येकाने आपलं नाव शोधलं आणि समाधानाने मागे सरकला. मग गुणाजी पुन्हा वाकले. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, चष्मा काढून पुसला. शेवटी गोपीनाथच चाचरत म्हणाला की गुणाजींच्या बाजूची नावं आरशातल्यासारखी वाटतायत.

तशीच होती. शब्द सुलटा करायचा तर तो दोन वेळा उलटवावा लागतो, एकदा आडवा आणि एकदा उभा. मी एकदाच उलटवला. त्यामुळे गुणाजी, त्यांचे भाऊ, पुतणे, सगळे आरशात गेले. आणि मी ते प्रूफ दोनदा तपासलं होतं. शिशाचा खिळा असतोच उलटा. एकोणीस वर्षं मी उलटी अक्षरं सुलट्याइतक्या सहज वाचत आले. माझ्या डोळ्यांना त्यात काही वावगं दिसलंच नाही. ठाण्यातल्या कुठल्याही माऊसवाल्या पोरीने ही चूक एका नजरेत पकडली असती.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, कागद पालथा करून उजेडाकडे धरा, मग ती सुलटी दिसतील. गोपीनाथने तसं केलं. परशुराम त्याला म्हणाले, आता धरलाच आहेस तर एकेक नाव मोठ्याने वाच, म्हणजे आणखी काही घोळ असेल तो कळेल. गोपीनाथ कागद पालथा-सुलटा करत वाचत गेला. परशुराम, त्यांच्या बाजूचे, मग खालचे गुणाजी, भागीरथी (ही एका वारलेल्या चुलतभावाची बायको, तिचं नाव जमिनीच्या कागदावर लागलेलं आहे) असं करत बारावा आनंदा, आणि तेरावं सगुणा.

तिथे सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दारात एक म्हातारी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तीच सगुणाआका असावी. तिने ट्रे खाली ठेवला आणि आत गेली. परशुरामांनी विचारलं, यादी कोणी दिली. गोपीनाथ कागद गुंडाळू लागला.

आरशातल्या नावांनी परशुरामांचं मन विटलं, हे उघड आहे. मी चारदा माफी मागितली. ते “असू द्या, असू द्या” म्हणाले पण त्यांचं लक्ष नव्हतं. येताना बसमध्ये रडू आलं. इतकी वर्षं या कामात आणि ही चूक.

शुक्रवार, २७ जानेवारी

आज बरं वाटतंय. परशुराम आले होते, रागावलेले नव्हते. एवढंच म्हणाले, एक नाव चुकून जास्त आलंय, तेवढं काढून टाका. सगुणा. ती काय, घरातलीच आहे, आमच्याकडेच राहील, तिला वेगळ्या दाराची काय गरज. सह्या रविवारी पाच तारखेला.

मी लगेच काढलं. शिशाच्या दिवसांत एक नाव काढलं की भोक पडायचं. त्यात कोरा खिळा ठोकून बसवावा लागे, शेजारची ओळ हलायची, बोटं काळी व्हायची. आता यादीतली एक ओळ पुसायची, बस. मॅक्रो स्वतःच मोजतो किती नावं उरली, स्वतःच भागाकार करतो, आणि सगळे जण थोडे थोडे सरकून बसतात. कुठे काही होतं याची खूणसुद्धा राहत नाही.

आणि बारा नावं म्हणजे प्रत्येकी तीस अंश. घड्याळासारखा गोल. इतका नेटका कागद आमच्या प्रेसमधून आजवर गेला नसेल. ‘उलट’सुद्धा आता दोन्हीकडून उलटवतो. आरशात धरूनही बघितलं.

रविवार, २९ जानेवारी

डोंबिवलीत दिवसभर घरी. भावाने, काळुरामने, एक फॉर्म आणला होता. सोसायटीत म्हणे नावांचं काहीतरी करायचंय. हा फ्लॅट बाबांनी त्यांच्या फंडातून घेतला, त्यामुळे माझीही सही लागते. फॉर्मची जुळणी अत्यंत गलिच्छ. एका ओळीत तीन तऱ्हेचे टाइप, आणि ‘सदनिका’ हा शब्द दोन ठिकाणी चुकीचा. मी पेनाने दोन्ही दुरुस्त केले आणि सही केली. काळुराम हसला, म्हणाला, तायडे, तुझं काम तुला सुटत नाही.

वहिनीने गाजराचा हलवा केला होता. मला हॉलमध्ये झोपायला नवी गादी आणणार आहेत.

मंगळवार, ३१ जानेवारी

सगुणाआका प्रेसमध्ये आली. एकटी, बसने. वालाच्या शेंगांची पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, कागद बगायला आयली.

कुंडलिकराव पुढच्या खोलीत कोणाला तरी प्रणालीचं मोठेपण समजावत होते. मी तिला बारा नावांचा गोल दाखवला. तिला वाचता येत नाही, पण तिने बोटाने मोजलं. एकदा मोजलं, मग उलट्या बाजूने मोजलं.

“बाराच.”

मी म्हटलं, हो, परशुरामांनी सांगितलं.

“म्हाईत हाय मना. पन माजी जागा कुटं गेली? दात पडला तं भोक ऱ्हातं. इतं तं भोकच नाय.”

कामाबद्दल इतका नेमका प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी उत्साहाने सांगितलं. आधी प्रत्येकाला साडेसत्तावीस अंशांहून थोडं जास्त मिळत होतं. तुमचं नाव गेल्यावर तुमची जागा सगळ्यांत सारखी वाटली गेली. प्रत्येकाला साधारण सव्वादोन अंश जास्त आले. कोणाच्या लक्षातही येत नाही.

ती हो हो करत होती. मग म्हणाली, “परशापन तसंच सांगत व्हता भावांना. सगल्यांना थोरं थोरं जास्त येल.”

मग तिने खोलीबद्दल सांगितलं. घर पडणार, खोली जाणार. परशुराम म्हणतो, माझ्याकडे राहा. तो आहे तोवर तो ठेवील, त्यात खोट नाही. त्याच्यामागे त्याच्या मुलाकडे, मग त्या मुलाची बायको येईल तिच्याकडे. भांडी एका कपाटात, अंथरूण दुसरीकडे. तिला मोठं काही नको आहे. एक दार हवंय, जे आतून लावता येईल. हे सगळं तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. बसला किती वेळ लागला हे सांगावं तसं सांगितलं.

जाताना म्हणाली, “त्या दिशी तुजा कागद मोट्यानं वाचाया लागला नसता तं माजं नाव तसंच गेलं असतं. कोन वाचतो दुसऱ्याचं नाव?”

ती रागाने म्हणाली नाही. ती गेल्यावर मी शेंगा सोलत बसले. कुंडलिकरावांनी विचारलं, आज काम नाही का.

बुधवार, १ फेब्रुवारी

खरंच आहे ते. मी ‘उलट’ नीट लिहिला असता तर प्रत्येकाने आपलं नाव पाहून मान डोलावली असती. तेरावं नाव कोणाच्याही नजरेला न पडता स्टँपपेपरला जोडलं गेलं असतं. माझ्या एका विसरलेल्या हुकमाने तिचं दार गेलं.

नाव पुन्हा घालणं माझ्या हातात नाही, काम गिऱ्हाइकाचं. पण मॅक्रोत थोडा फरक केला. तो आता नावं मोजत नाही. जागा तेरा, असं त्याला पक्कं सांगितलं आहे. बारा नावं बारा जागांवर बसतात, आनंदा आणि परशुराम यांच्यामधली तेरावी मोकळी राहते. हा निव्वळ तांत्रिक निर्णय आहे. काढलेल्या मजकुराची जागा दिसली पाहिजे, हा जुन्या जुळणीतला साधा नियम.

काळुरामला विचारायचं होतं तो फॉर्म नेमका कसला होता. तो उशिरा आला, राहून गेलं.

गुरुवार, २ फेब्रुवारी

परशुराम, गुणाजी आणि गोपीनाथ प्रूफ बघायला आले. परशुराम आणि गुणाजी एका खोलीत शांतपणे उभे आहेत हेच माझ्या गोलाचं यश.

परशुरामांनी मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. हे काय?

मी खोटं बोलले. म्हटलं, कॉम्प्युटर ती जागा बंद करत नाही.

“कंला नाय करत?”

एवढ्यात कुंडलिकराव धावून आले. म्हणाले, ही प्रणाली गणितावर चालते, मढवीशेठ, तुमच्याआमच्या मर्जीवर नाही. तिने जागा सोडली म्हणजे तिथे जागा आहेच. अमेरिकेतले प्राध्यापक वेडे नाहीत. ते इतक्या कळकळीने बोलले की मलाही क्षणभर खरं वाटलं. माऊसवाल्या दुकानात दहा मिनिटांत हे काम झालं असतं, पण तिथे बारा तारखेच्या मतदानापर्यंत कोणी उभं करणार नाही.

मग परशुराम म्हणाले, निदान काहीतरी भरा तिथे. गोपीनाथ म्हणाला, गणपती घालू. गुणाजी म्हणाले, गणपती कसा, जमीन गावदेवीच्या कृपेने आहे, गावदेवी घाला. परशुराम म्हणाले, गावदेवी तुझ्या आळीत, म्हणून होय. गोपीनाथने मधला मार्ग म्हणून नारळाचं झाड सुचवलं, तर गुणाजींनी विचारलं कोणाच्या वाडीतलं. तासाभराने तिघेही दमले. मोकळी जागा मोकळीच ठेवायचं ठरलं, कारण त्यात कोणाचाच फायदा नव्हता.

मी पहिल्यांदा कामाच्या बाबतीत खोटं बोलले.

रविवार, ५ फेब्रुवारी

बाळकुमहून आत्ता आले. जसं झालं तसं लिहिते.

मोठा केलेला कागद ओटीवर सतरंजीच्या मधोमध ठेवला होता. बिल्डरचा वकील तरुण आहे, घाईतला. कागद फिरवत बसायला नको म्हणून त्याने सांगितलं, ज्याचं नाव जिकडे त्याने तिकडे बसा. मग सगळे कागदाभोवती गोल करून बसले. खालच्या बाजूची नावं मी सुलटी केली होती, पण गुणाजी समोरच्या अंगाला बसल्यामुळे त्यांना ती पुन्हा उलटीच दिसत होती. ते माझ्याकडे असे बघत होते की मी दुसरीकडे बघितलं. कुंडलिकराव धुतलेला शर्ट घालून आले होते, कोणी प्रणालीबद्दल विचारेल या आशेने.

आनंदा आणि परशुराम यांच्यामध्ये सतरंजीवर एका माणसाएवढी जागा मोकळी राहिली. कागदावर होती तिथेच. दोघेही तिकडे बघत नव्हते. सगुणाआका भिंतीशी उभी होती.

सह्या सुरू व्हायच्या आधी वकिलाने पेनाने मोजलं. “तेरा जागा, बारा माणसं. ही कोणाची?”

परशुराम म्हणाले, कॉम्प्युटरची चूक आहे.

वकील माझ्याकडे वळला. “बाई, चूक आहे का? असेल तर लिहून द्या. उद्या कोणी कोर्टात उभं राहिलं तर आख्खी इमारत अडकेल.”

कुंडलिकराव घसा साफ करत होते. त्यांना बोलू दिलं असतं तर सगळं पुन्हा गणितावर गेलं असतं.

मी म्हटलं, “चूक नाही. जागा मी ठेवलीय. मला दिलेल्या यादीत तेरा नावं होती.”

“तेरावं कोण?”

मी सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही. ओटीवरच्या सगळ्यांनी एकाच दिशेला बघितलं, परशुराम सोडून. वकिलाने सगळ्यांच्या नजरेच्या रोखाने बघितलं, तिला विचारलं तुम्ही यांच्या कोण, लग्न झालं का, कुठे राहता. तिने तिन्ही उत्तरं दिली. तो परशुरामांना म्हणाला, शेठ, हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं. यांच्याशिवाय मी हा कागद नेऊ शकत नाही.

परशुराम जमिनीकडे बघून म्हणाले, ती घरातलीच आहे. वकील म्हणाला, म्हणूनच.

वकिलाने पेनाचं टोपण लावलं. मग गुणाजी, समोरून, म्हणाले, “सरक रे परशा. आकाला बसू दे.” हे ते तिच्या मायेने म्हणाले की परशुरामांना खाली बघायला लागलं म्हणून, मला सांगता येणार नाही. भागीरथीने तिचा हात धरून पुढे आणलं.

परशुराम सरकले. जागा पुरेशी होती, सरकायची गरज नव्हती. तरी ते चांगले वीतभर सरकले आणि तिचा पदर त्यांच्या मांडीखाली अडकला होता तो त्यांनी सोडवून दिला. लहानपणापासून शेजारी बसलेल्या माणसाने करावं तसं, न बघता.

मग सह्या झाल्या. गोपीनाथने मोकळ्या जागेत पेनाने तिचं नाव लिहिलं, माझ्या छापील नावांच्या मानाने ते थोडं वाकडं आलं. वकिलाने शाईची डबी पुढे केली. तिने अंगठा टेकवला, नावाच्या शेजारी, बेताने, कागद ओला आहे असं समजून. कुंडलिकराव माझ्या कानाशी आले. मला वाटलं आता नोकरी गेली. ते कुजबुजले, “म्हणजे यंत्राला ती जागा बंद करता येत होती ना?” मी हो म्हटलं. त्यांना केवढं हायसं वाटलं.

एकेक जण उठला. पायऱ्यांवर चपलांचा गोंधळ झाला, गुणाजी आणि परशुराम आधी कोणी उतरायचं यावर थबकले. वकिलाने कागद गुंडाळला, नळीत घातला. सतरंजीवर सगुणाआका एकटीच राहिली होती.

वकील म्हणाला, “झालं आजी. उठा आता.”

ती म्हणाली, “बसतंय जरा.”